वाचकांचे प्रश्न : ‘मी कोणावरही अवलंबून नाही’

या वेळी आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट जाणवली. कोणी आपल्या स्वावलंबनाविषयी अभिमानाने लिहिले आहे, तर कोणी आपण दुसऱ्यावर ओझे झालो आहोत या विचाराने खंतावले आहे. वरवर वेगळी वाटणारी ही पत्रे मुळात एकाच प्रश्नाची आहेत, म्हणून त्यांतील पाच निवडून एकत्र घेतली आहेत. पत्रे मोठी असल्याने त्यांचा आशय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी एकटा राहतो, घरूनच काम करतो आणि लागेल ती वस्तू मोबाइलवरून मागवतो. कोणाकडे उसने मागत नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. माझा मित्र मात्र ‘माणूस समाजाशिवाय जगू शकत नाही’ असे सतत ऐकवतो. माझ्या जगण्याकडे पाहिले तर हे विधान खोटे ठरत नाही का?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘मागवतो’ या क्रियापदापाशी मी थांबलो. आणणारा कोणी असल्याखेरीज काही मागवता येत नाही. तुम्ही पत्रातून इतरांना वगळले आहे, पण तुमच्या भाषेने त्यांना वगळलेले नाही.

एकच गोष्ट जवळून पाहू. रात्री अकरा वाजता पाणी तापवण्यासाठी तुम्ही विजेच्या किटलीचे बटण दाबता. वीज ही कोठारात भरून ठेवून सावकाश वापरण्याची वस्तू नाही. तिचा काही अंश बॅटऱ्यांमध्ये किंवा धरणांच्या आधाराने साठवता येतो, परंतु मोठ्या जाळ्यात ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, जवळजवळ तेवढीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल ढळला की प्रवाहाची वारंवारता ढळते. ती जगातील बहुतेक देशांत सेकंदाला ५० आवर्तने आणि काही देशांत ६० आवर्तने इतकी राखावी लागते. मागणी वाढून निर्मिती मागे पडली की हा आकडा किंचित खाली सरकतो. काही भरपाई यंत्रे आपोआप करतात आणि उरलेल्यासाठी नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसलेली माणसे पडद्यावरचे आकडे पाहत कुठल्याशा केंद्राला निर्मिती वाढवण्याची सूचना देतात. तुमची किटली त्या पडद्यावर वेगळी दिसत नाही, परंतु त्या वेळी दाबल्या गेलेल्या लक्षावधी बटणांत ती मोजली गेलेली असते. तुम्ही एकटे आहात असे तुम्हाला वाटते त्या वेळी तुमच्या किटलीसाठी कोणीतरी जागे असते.

सकाळच्या गजराचेही तसेच आहे. तुमच्या घड्याळातले सहा हे तुमचे एकट्याचे सहा नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत गावोगावची वेळ सूर्यावर ठरत असे आणि शेजारच्या शहरातले घड्याळ काही मिनिटे पुढे किंवा मागे असे. रेल्वे आणि तारयंत्र आल्यावर हे चालेना. १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत ग्रीनिच हे मूळ रेखावृत्त मानण्याचे ठरले आणि पुढील काही दशकांत बहुतेक देशांनी त्यावर आधारलेली प्रमाणवेळ स्वीकारली. घरी एकट्याने काम करतानाही तुम्ही बैठकीला वेळेवर हजर राहू शकता ते या जुन्या समझोत्यामुळे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९३ साली नेमका हाच प्रश्न विचारला होता : व्यक्ती दिवसेंदिवस अधिक स्वतंत्र होत असताना समाजावर अधिकाधिक अवलंबून कशी होत जाते? त्यांनी उत्तर शोधले ते श्रमविभागणीत. ज्या लहान समाजांत सगळे जण साधारण सारखीच कामे करतात, तिथे माणसांना एकमेकांशी बांधते ते त्यांचे सारखेपण. याला त्यांनी यांत्रिक एकात्मता म्हटले. जिथे प्रत्येकाचे काम वेगळे असते, तिथे माणसांना बांधते ते त्यांचे वेगळेपण, कारण शरीरातील इंद्रियांप्रमाणे एकाचे काम दुसऱ्यावाचून अडते. याला त्यांनी सेंद्रिय एकात्मता हे नाव दिले. (पहिल्यांदा वाचताना ही नावे उलटसुलट झाली असावीत असे वाटते. त्यामागील विचार लक्षात आला की ती डोक्यात पक्की बसतात.)

तरीही तुम्हाला आपण स्वतंत्र असल्याचे वाटते आणि हे वाटणे निव्वळ भ्रम आहे असे मी म्हणणार नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०० सालच्या पैशाविषयीच्या ग्रंथात याचे सुरेख स्पष्टीकरण दिले आहे. पूर्वी माणूस मोजक्या लोकांवर अवलंबून असे, पण ते लोक ठरलेले असत. त्यांची मर्जी राखावी लागे, त्यांचे बोल ऐकावे लागत आणि त्यांच्याशी भांडण झाले तर जगणे कठीण होई. पैशाच्या व्यवहारात अवलंबून असण्याचा पसारा कितीतरी वाढतो, मात्र त्यातील कोणीही एक माणूस अपरिहार्य राहत नाही. एकाने सेवा दिली नाही तर दुसरा देतो. तुमच्या अनुभवातील मोकळेपणा खरा आहे आणि तो येतो याच अदलाबदलीतून. फक्त त्याला ‘कोणावरही अवलंबून नसणे’ म्हणणे बरोबर नाही. ‘कोणा एकावर अवलंबून नसणे’ म्हटले तर ते अचूक होईल.

हा पसारा आपल्या नजरेस पडतो तो सहसा बिघाड झाल्यावर. मार्च २०२१ मध्ये सुमारे ४०० मीटर लांबीचे एक मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस शेकडो जहाजे दोन्ही बाजूंना खोळंबली. तेव्हा आपल्या घरातल्या वस्तू कुठून आणि कशा येतात याचा विचार अनेकांनी पहिल्यांदाच केला. त्याआधीच्या वर्षी महासाथीमुळे सर्व व्यवहार थांबले असताना देशोदेशीच्या सरकारांना ‘अत्यावश्यक’ कामांची यादी करावी लागली. त्या यादीत डॉक्टर होतेच, पण सफाई कामगार, परिचारिका, मालवाहू वाहनांचे चालक आणि दुकानात माल लावणारेही होते. यांपैकी अनेकांचे वेतन समाजातील सर्वांत कमी वेतनांमध्ये मोडते.

म्हणून तुमच्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे, पण तो ज्या ठिकाणी थांबतो तिथून खरा प्रश्न सुरू होतो. आपण अवलंबून आहोत की नाही, हे ठरवण्यासारखे काही उरलेले नाही. आपण कोणावर अवलंबून आहोत आणि त्या माणसाला कोणत्या अटींवर काम करावे लागते, हे विचारण्यासारखे आहे. दारात वस्तू ठेवून जिना उतरणाऱ्या माणसाच्या मिनिटांचा हिशेब एखादे ॲप ठेवत असेल, तर तुमच्या एकांताचा काही भाग त्याच्या घाईतून तयार झालेला आहे. एकटे राहणे सोडा असा याचा अर्थ नाही. त्याच्याकडे न पाहता दार लावून घेणे मात्र सोडता येईल.

प्रश्न : वीस वर्षे एकाच कंपनीत काम केल्यावर माझी नोकरी गेली. आमचा सगळा विभागच बंद झाला. घरचे म्हणतात, काळाप्रमाणे नवे काही शिकला नाहीस, आणि आता मलाही तसेच वाटू लागले आहे. समाजशास्त्र याकडे कसे पाहते? की परिस्थितीला दोष देणे ही शेवटी पळवाटच?

उत्तर : अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतील फरक याच उदाहरणाने समजावला होता. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचे कौशल्य आणि त्याच्यापुढील संधी पाहाव्यात. पण पाच कोटी नोकरदारांच्या देशात दीड कोटी लोक बेकार असतील, तर उत्तर एकेका माणसाच्या स्वभावात सापडणार नाही, कारण तिथे संधींची रचनाच कोसळलेली असते. तुमच्या विभागातील सगळी माणसे एकाच महिन्यात आळशी किंवा अजाण झाली, असे घरच्यांनाही म्हणायचे नसेल. निर्णय विभागाबद्दल झाला, पण त्याचे ओझे प्रत्येकाने आपापल्या घरी एकट्याने नेले. स्वतःला दोष देण्याची ही सवय मला फार क्लेशकारक वाटते, कारण ती माणसाला नेमकी त्या वेळी एकटे पाडते जेव्हा त्याला इतरांची सर्वाधिक गरज असते.

याचे एक जुने आणि अतिशय बारकाईने केलेले निरीक्षण उपलब्ध आहे. ऑस्ट्रियातील मारिएन्टाल या गावातला कापड कारखाना बंद पडला आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरीही गावच्या ग्रंथालयातून वाचायला नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आली. संशोधकांनी रस्त्याने चालणाऱ्या माणसांचा वेगही मोजला. पुरुष संथ चालत आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. स्त्रिया त्यामानाने भरभर चालत, कारण त्यांचे घरकाम बंद झालेले नव्हते. नोकरी पैशाबरोबर दिवसाला आकार देते, माणसांत वावर देते आणि आपली कोणाला तरी गरज आहे ही जाणीव देते. हे सगळे एकदम गेल्यामुळे जी मरगळ येते ती त्या गावातल्या कोणाची व्यक्तिगत खोड नव्हती, तशी ती तुमचीही नाही.

आता पळवाटेविषयी. कारण बाहेर आहे एवढे म्हणून हातावर हात ठेवून बसले तर ती पळवाट ठरेल. पण कारण नेमके कुठे आहे हे कळल्यावर हालचालीची दिशाही कळते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतील बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली आणि १९७३ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. ओळखीतून ज्यांना नोकरी मिळाली होती, त्यांच्यापैकी फक्त १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी वारंवार भेट होत असे. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होई. जवळच्या मित्रांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक आहे. नवी बातमी येते ती दूरच्या ओळखीतून. बेकारीच्या संकोचामुळे माणूस सर्वांत आधी याच ओळखी तोडतो. तुम्ही त्या तोडू नका. जुने सहकारी, पूर्वी कामानिमित्त भेटलेले लोक, कधीकाळचे वर्गमित्र यांना स्पष्ट कळवा की विभाग बंद झाला आहे आणि तुम्ही काम शोधत आहात. नवे शिकण्याची घरच्यांची सूचनाही चांगली आहे. ती शिक्षा म्हणून स्वीकारू नका, एवढेच.

प्रश्न : मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. बाबा म्हणतात, सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी अवघड शब्दांत सांगण्याचे हे शास्त्र आहे. त्यांना काय सांगू?

उत्तर : बाबांना लाझार्सफेल्ड यांची एक युक्ती सांगा. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या प्रचंड पाहणीवर लिहिताना १९४९ मध्ये त्यांनी काही निष्कर्षांची यादी दिली आणि प्रत्येकापुढे वाचकाच्या मनात सहज येईल असे कारणही जोडले. उदाहरणार्थ, उष्ण बेटांवरील हवामान दक्षिणेकडच्या सैनिकांना अधिक मानवले, कारण त्यांना उकाड्याची सवय होती. किंवा लढाई चालू असेपर्यंत सैनिकांना घरी परतण्याची जास्त ओढ होती, कारण मरण कोणाला हवे असते? वाचक मान डोलावतो आणि हे सांगायला एवढी पाहणी कशाला हवी होती, असे मनात म्हणतो. मग लाझार्सफेल्ड सांगतात की यादीतील प्रत्येक विधान प्रत्यक्षात सापडले त्याच्या अगदी उलट आहे. खरे निष्कर्ष आधी दिले असते, तरी वाचकाने ‘हे तर उघडच आहे’ असेच म्हटले असते. जे विधान आणि त्याच्या उलट असलेले विधान दोन्ही तितकेच उघड वाटतात, त्या उघडपणावर विसंबून कसे चालेल?

परंतु बाबांच्या म्हणण्यात तथ्याचा एक अंश आहे, तो नाकारू नका. समाजशास्त्राचा विषय खरोखरच सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो आणि म्हणूनच तो दिसत नाही. उद्या लिफ्टमध्ये अनोळखी लोकांबरोबर उभ्या राहाल तेव्हा पाहा. दार उघडते, आत येणाऱ्याकडे ओझरती नजर जाते आणि लगेच आकड्यांकडे किंवा हातातल्या फोनकडे वळते. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या वागण्याकडे लक्ष वेधले. त्याला आपण सभ्य दुर्लक्ष म्हणू. ‘तुम्ही इथे आहात हे मी पाहिले आहे, तुमच्यापासून मला भीती नाही आणि तुम्हाला माझ्यापासून नसावी’ एवढे सगळे त्या अर्ध्या क्षणाच्या नजरेत असते. ती नजर रोखलेली राहिली तर धमकी वाटते, मुळीच पडली नाही तर अपमान वाटतो. लिफ्टमधली शांतता आपोआप पडलेली नसते. आतले चार जण मिळून ती उभी करत असतात.

हॅरल्ड गार्फिंकल यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक कामगिरी दिली होती. स्वतःच्या घरात पंधरा मिनिटे ते एक तास भाडेकरूसारखे वागायचे, म्हणजे अदबीने बोलायचे, विचारले तरच उत्तर द्यायचे, प्रत्येक गोष्टीची परवानगी मागायची. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात घरच्यांची प्रतिक्रिया नोंदलेली आहे : आधी आश्चर्य, मग बरे वाटत नाही का अशी काळजी, मग संताप. मुलांनी वावगे काहीच केले नव्हते, उलट ती कमालीची सभ्य वागली होती. पण घर ज्या न बोललेल्या गृहीतांवर उभे असते, त्यांनाच धक्का बसला होता. हा प्रयोग तुम्ही करू नका, घरच्यांना त्याचा त्रास होतो. आपल्या घरात कोणते प्रश्न कधीच विचारावे लागत नाहीत, याची मात्र नोंद करून पाहा.

प्रश्न : सगळे जर रचना आणि परस्परसंबंध ठरवत असतील, तर माणूस कळसूत्री बाहुली ठरत नाही का?

उत्तर : समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी १९६३ मध्ये हीच प्रतिमा वापरली आणि एक फरक दाखवला. बाहुलीला मान वर करून दोऱ्या पाहता येत नाहीत, माणसाला पाहता येतात. मला स्वतःला नॉर्बर्ट एलियास यांचे नृत्याचे उदाहरण अधिक पटते. सामूहिक नृत्यात प्रत्येकाचे पाऊल इतरांच्या पावलांवर ठरते, एखादा नर्तक बदलला तरी नृत्य चालू राहते, परंतु नर्तकच नसतील तर नृत्य शिल्लक राहत नाही. तिथे वरून दोरी ओढणारा कोणी नाही. एकाने लय बदलली तर शेजाऱ्याला बदलावी लागते, आणि तो अडखळला तर आपलीही चुकते.

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची आहे. पडल्यामुळे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली. मी नोकरी सांभाळून तिचे सगळे करते. भाऊ परगावी असतो आणि फोनवर विचारपूस करतो. आई पाणीसुद्धा मागत नाही. म्हणते, ‘तुझ्यावर ओझे झाले.’ मी दमते हे खरे आहे, पण तिचे हे वाक्य मला जास्त दमवते.

उत्तर : तुमच्या पत्राने मला बराच वेळ विचारात पाडले. त्यात दोन गोष्टी गुंतलेल्या आहेत, आईचा संकोच आणि तुमचा शिणवटा. त्या वेगळ्या करून पाहू.

परावलंबी असण्याची लाज ही आपण समजतो तितकी जुनी नाही. नॅन्सी फ्रेझर आणि लिंडा गॉर्डन यांनी १९९४ मध्ये ‘परावलंबन’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा इतिहास तपासला. औद्योगिक काळापूर्वी बहुतेक माणसे कोणा ना कोणाच्या अधीन असत आणि मजुरीवर जगणाऱ्यालाही परावलंबीच म्हणत. त्यात त्या माणसाचा दोष मानला जात नसे. पुढे पगार मिळवणारा पुरुष ‘स्वावलंबी’ ठरला. त्याचे घर चालवणारी, त्याच्या मुलांना वाढवणारी आणि तो ज्यांच्या श्रमांवर रोज उभा राहत होता ती माणसे ‘परावलंबी’ ठरली. आईच्या मनात आज जे वाक्य आहे, ते या नव्या हिशेबातले आहे. गंमत अशी की तिने स्वतः तुम्हाला वाढवताना तुम्हाला ओझे म्हटले नसेल. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारास दानाविषयी लिहिताना तीन बंधने सांगितली : देणे, घेणे आणि परत करणे. त्यांतले घेणे हेही एक कर्तव्य आहे, हे आपण विसरतो. समोरच्याचे घेण्यास नकार देणे म्हणजे त्याच्याशी असलेले नाते नाकारणे. हे आईला सिद्धांत म्हणून सांगू नका. ‘तू मागितले नाहीस की मला परके वाटते’ एवढे सांगा. ते खरेही आहे, तुमच्या पत्रातच ते आले आहे.

तुमचा शिणवटा मात्र प्रेमाने भागणारा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात रोज १६.४ अब्ज तास बिनपगारी देखभालीच्या कामात जातात आणि त्यांतील ७६.२ टक्के तास स्त्रियांचे असतात. तुमच्या घरातली वाटणी ही भावाच्या वाईटपणामुळे झाली असे मला वाटत नाही. तुम्ही जवळ राहता, तुम्ही मुलगी आहात आणि कोणी काही न ठरवताच काम तुमच्याकडे आले. जे कोणी ठरवले नाही ते बदलणे अवघड असते, कारण त्याबद्दल भांडायला समोर कोणी नसते.

म्हणून आधी ते कागदावर आणा. एक आठवडा वही ठेवा. औषधांच्या वेळा, चादरी बदलणे, कूस बदलून देणे, डॉक्टरांशी बोलणे, रात्री किती वेळा उठलात, हे सगळे लिहा. त्याबरोबर औषध संपत आले आहे हे लक्षात ठेवणे यासारखी डोक्यातली कामेही लिहा, कारण ती कोणालाच दिसत नाहीत आणि सर्वांत जास्त शिणवतात. मग ती वही भावाला पाठवा. तक्रार जोडू नका. यांतली कोणती कामे तो घेईल एवढेच विचारा. दूर राहूनही औषधांची मागणी, बिले, डॉक्टरांच्या वेळा घेणे त्याला करता येईल, आणि महिन्यातले काही ठरलेले दिवस तो येऊन राहू शकेल. शक्य असल्यास दिवसातील काही तासांसाठी पगारी मदतनीस ठेवा आणि तिच्या सुट्ट्या व वेतन आधीच स्पष्ट ठरवा, नाहीतर तुमच्या डोक्यावरचा भार तेवढा तिच्या डोक्यावर जाईल.

आईकडेही काही काम असू द्या. बसून करता येईल असे, तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल असे. औषधांच्या वेळांची नोंद तिनेच ठेवली तर तुमच्या वहीतील एक ओळ कमी होईल. आणि तिच्या हाताला सहज पोहोचेल अशा जागी पाण्याची बाटली आणि एक घंटी ठेवा, म्हणजे प्रत्येक घोटासाठी तिला मागावे लागणार नाही.